परमिटवाल्या पगाऱ्यांची फोनतपासणी

हिरामण पगारे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, तरी नाशिकच्या जेल रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत त्यांना अजून 'परमिटवाले पगारे' म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी विजेच्या देखभालीचं काम केलं. कुठल्याही मोटरीला हात लावण्याआधी परमिट घ्यायचं, स्विचवर लाल पाटी अडकवायची, काम झालं की माणसं बाहेर आली का ते बघायचं, परमिट बंद करायचं आणि मगच वीज सोडायची. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी ट्यूबलाइट बदलतानाही ते मेन स्विच बंद करून त्यावर लाल फडकं बांधत. एकदा फडकं काढायचं विसरून ते बाजारात गेले, तर त्यांच्या पत्नी लताबाई त्या दिवशी खोबरं पाट्यावर वाटत बसल्या. "फडकं दिसतंय तोवर मी हात लावणार नाही. तुम्हीच शिकवलंय," असं त्यांनी वर ऐकवलं.

अशा शिस्तीच्या घरात गेल्या एप्रिलमध्ये, भर लग्नसराईत, एक पत्रिका आली.

लताबाई कॉलनीच्या महिला मंडळाच्या सचिव. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच चालवत. बासष्ट बायका होत्या त्यात. त्या दिवशी सकाळी मनमाडच्या चुलतभावाच्या नंबरवरून मेसेज आला, 'आमच्याकडे लग्न आहे, सहकुटुंब यावे.' खाली पत्रिकेची फाइल. भावाच्या मुलाचं जमलं असेल म्हणून लताबाईंनी आनंदाने ती दाबली. फोनने दोन-तीनदा काहीतरी विचारलं. गॅसवर भाकरी होती. त्यांनी प्रत्येक वेळी 'हो' म्हटलं. पत्रिका काही उघडली नाही.

दुपारपर्यंत तीच पत्रिका लताबाईंच्या नंबरवरून बासष्ट बायकांना, सगळ्या नातलगांना आणि विहाराच्या ट्रस्टींना गेली होती. मग फोन सुरू झाले.

"लताताई, अभिनंदन! चैतालीचं ठरलं का?"

"कुठले हो पाहुणे? सांगितलंसुद्धा नाही!"

चैताली त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकोणतीस, ठाण्याला औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी. तिच्या लग्नाचा विषय घरात जपूनच निघायचा. संध्याकाळी तिचाच फोन आला, "मम्मी, माझं कुणाशी ठरलंय ते मलाही सांग ना!" ती हसत होती. लताबाई हसल्या नाहीत. मंडळातल्या चार बायकांनीही ती पत्रिका दाबली होती आणि आता त्यांच्या फोनवरून ती पुढे निघाली होती.

पगारे काकांनी आधी फोन बंद केला, सिमकार्ड काढलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन घेऊन ते गंगापूर रोडला गेले. तिथे चैतालीच्या वर्गातल्या शेखरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शेखरने फोन पुसून कोरा करून दिला. "ती पत्रिका नव्हतीच, चोरांचं अ‍ॅप होतं. काकू वाचल्या. आणखी काही तास गेले असते तर बँकेचे मेसेजसुद्धा चोरट्यांना दिसले असते," तो म्हणाला.

पण लताबाईंनी तो कोरा फोन हातात घेतला नाही. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. "माझ्यामुळे चार घरांत चोर शिरला," एवढंच म्हणाल्या. मंडळाचं सचिवपदही कुणीतरी दुसरं घ्या म्हणून त्यांनी निरोप धाडला.

बायकोची समजूत कशी काढायची हे पगारे काकांना छत्तीस वर्षांत जमलं नव्हतं. त्यांना चौकशी करता येत होती. केंद्रात काही बिघडलं की चुकलेल्या माणसाला धरायचं नाही, ते बटण त्याला दाबता आलंच कसं ते आधी शोधायचं, असं ते नव्या पोरांना सांगत. त्यांनी एक दोनशेपानी वही आणली, पानावर उभी रेघ मारली. एका बाजूला 'अँड्रॉइड' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'आयफोन'.

पहिली साक्ष चैतालीची झाली. ती चार दिवस सुट्टी काढून आली होती आणि तिच्याकडे आयफोन होता. काकांनी तीच लग्नपत्रिका शेखरकडून पेनड्राइव्हवर आणून तिच्या फोनवर उघडून बघायचा विचार केला होता. चैतालीने तो हाणून पाडला.

"पप्पा, आणायची गरजच नाही. माझ्या फोनवर ती फाइल उघडणारच नाही. त्यात अ‍ॅप घ्यायचं तर कंपनीच्याच दुकानातून. बाहेरून कुणी काही पाठवलं की फोन सरळ ओळख दाखवत नाही."

"आणि तुझ्या मम्मीच्या फोनने?"

"तिच्या फोननेही अडवलं होतं. 'हे अनोळखी आहे, तरी घालू का?' असं विचारलं. पण विचारलं, आणि ती हो म्हणाली."

काकांनी लिहिलं: 'आयफोन: दार एक, किल्ली कंपनीकडे. अँड्रॉइड: दारे अनेक, किल्ली मालकाकडे.' मग थोडा विचार करून खाली लिहिलं, 'मालकाचे लक्ष भाकरीकडे.' ही ओळ लताबाईंनी नंतर वाचली तेव्हा घटनेनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. पण फोन कपाटातच राहिला.

मग काकांचा आठवड्यातून दोनदा गंगापूर रोड सुरू झाला. शेखरच्या काउंटरच्या आत त्यांना एक स्टूल मिळालं. तो फोन उघडत बसायचा आणि काका विचारत बसायचे. दुरुस्तीचं अपडेट म्हणजे काय? आयफोनला ते एकाच दिवशी सगळ्यांना येतं, मग अँड्रॉइडला का नाही? शेखरने समजावलं की अँड्रॉइड बनवणारे एक, पण ते आपापल्या फोनमध्ये घालून विकणाऱ्या कंपन्या वीस. दुरुस्ती निघाली की ती प्रत्येक कंपनीच्या हातून पुढे जाते, आणि काही कंपन्यांचे हात दोन वर्षांत थकतात. काकांनी लताबाईंचा फोन तपासला. शेवटची दुरुस्ती तीन वर्षांपूर्वीची होती.

"तीन वर्षं बिनदेखभालीचं मशीन मी तिच्या हातात दिलं," ते म्हणाले. तो फोन त्यांनीच घेतला होता.

जवळच्या एका शोरूममध्ये जाऊन त्यांनी विक्रेत्या मुलीला विचारलं, "या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळतील?" ती म्हणाली, "काका, कॅमेरा बघा ना, चंद्रावरचे डाग दिसतात." काकांनी चार फोनची खोकी उलटून बघितली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी शेखरने कंपन्यांच्या वेबसाइटवर शोधून दिलं: काही नव्या अँड्रॉइडना सहा-सात वर्षांचा शब्द होता, काहींना दोनच. काकांनी पान बदललं. कारण आता 'अँड्रॉइड' हा एक रकाना पुरेना.

सगळ्यात जास्त राग त्यांना परवानग्यांचा आला. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये टॉर्चचं एक अ‍ॅप होतं, आणि त्याला त्यांची सगळी फोनयादी बघायची मुभा होती. "दिव्याला माझे नातेवाईक कशाला पाहिजेत?" ते शेखरला म्हणाले. "परमिट दिलं, काम झालं, बंद कुणी केलंच नाही!" त्यांनी त्या दिवशी स्टुलावर बसून स्वतःच्या फोनमधली एकतीस परमिटं बंद केली आणि शेखरने चहा मागवला.

असं महिनाभर चाललं. वहीत आयफोनचा रकाना सरस ठरत चालला होता. आता निकाल लिहून टाकावा असं काकांच्या मनात होतं, तेवढ्यात एका सोमवारी सकाळी दुकानात गोजराबाई आल्या.

पन्नाशीच्या बाई. सायखेड्याच्या. त्यांचं तिथे गोदाकाठी दोन एकर होतं, झेंडू आणि शेवंती करायच्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक अँड्रॉइड फोन काढला आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

"ह्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले ते जाऊन. झेंडूच्या वावरातच बसले ते उठलेच नाय. लय फोटो काढायचे. उघडून द्या, भाऊ. नंबर आमाला कुनालाच ठावा नाय."

शेखरने फोन हातात घेतला, चार्जिंगला लावला. पडद्यावर शेवंतीच्या वाफ्यात उभ्या असलेल्या एका माणसाचा फोटो आला आणि त्याच्यावर आकडे मागणारे ठिपके. शेखरने फोन हलकेच खाली ठेवला.

"मावशी, मी हा सुरू करून देऊ शकतो, पण सगळं पुसून. आतलं वाचवून उघडणं माझ्या हातात नाही."

"तुमी दुरुस्ती करता ना?"

"करतो. पण हे कुलूप मला फुटत नाही. कुणालाच फुटत नाही."

पगारे काका स्टुलावरून उठले. साध्यातला साधा फोन होता तो, त्यांच्या वहीत सगळ्यात खालच्या ओळीत बसणारा. "अरे, पण हा तर स्वस्तातला अँड्रॉइड," ते हळूच म्हणाले. "म्हणजे हाही?"

"काका, आतलं सगळं सांकेतिक करून ठेवलेलं असतं. आताचे सगळेच फोन तसे. आयफोन असता तरी मी हेच सांगितलं असतं."

गोजराबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "चोर आला आसता तर?" त्यांनी विचारलं.

"त्यालाही उघडला नसता, मावशी."

"मी चोर हाय का?"

शेखरने विचारलं, "पुसून देऊ का? निदान वापरता तरी येईल." बाईंनी फोन झटकन ओढून घेतला. "नगं. आत हायेत तवर राहू द्या."

पगारे काकांनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. घरी येऊन त्यांनी लताबाईंना सगळं सांगितलं. लताबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "नवऱ्याचं नाव काय होतं त्यांच्या?" त्यांनी विचारलं.

"चिमाजी."

"मग दुसरीकडून काही मिळतंय का बघा ना. माणूस काय फक्त स्वतःच्याच फोनमध्ये राहतो?"

काका बघतच राहिले. महिनाभर ते कुलपं मोजत होते आणि हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईंना बोलावून घेतलं. शेखरने चिमाजींचं सिमकार्ड काढून आपल्याकडच्या एका जुन्या फोनमध्ये घातलं. व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं, पण रिकामं. जुनं काही कुठे साठवून ठेवायची सोय चिमाजींनी कधी लावलीच नव्हती, आणि फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड दुकानदारालाही आठवत नव्हता. एक मात्र झालं. चिमाजी ज्या ग्रुपमध्ये होते त्यांची नावं उगवली: 'नाशिक फुलबाजार', 'सायखेडा झेंडू'.

काकांनी नीट विचार करून फुलबाजाराच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'नमस्कार. मी हिरामण पगारे. कै. चिमाजी यांच्या पत्नीसाठी, त्यांनी आपल्याला पाठवलेले फोटो व बोललेले मेसेज असल्यास कृपया या नंबरवर पाठवावेत.'

पाच मिनिटांत उत्तरं आली.

'कोण आहेस तू? मेलेल्या माणसाच्या नंबरवरून फसवतोस का?'

'कुणी काही दाबू नका. फ्रॉड आहे.'

'काढा ह्याला ग्रुपमधून.'

आणि काढलं. चिमाजींना त्यांच्या ग्रुपमधून काढून टाकलेलं बघून गोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेखर चिडला. पगारे काका मात्र मनातून सुखावले होते आणि ते लपवायचा प्रयत्न करत होते. "बरोबर केलं त्यांनी," शेवटी ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं. आपण समोर जाऊन उभं राहू."

फुलबाजारात जायच्या दिवशी सकाळी सहाला लताबाई साडी नेसून दारात उभ्या होत्या. "त्या बाईंबरोबर दोन पुरुषच गेले तर कसं दिसेल," म्हणाल्या.

बाजारात झेंडूच्या क्रेटचे ढीग लागले होते. गोजराबाईंना बघताच दोन-चार व्यापारी पुढे आले आणि मेसेज खरा होता हे कळल्यावर ओशाळले. एकाकडे एक फोटो सापडला, दुसऱ्याने सगळं दर महिन्याला पुसायची सवय सांगितली. तिसऱ्याचा फोन पाण्यात पडला होता. शेवटी सगळ्यांनी एकाच दिशेने बोट दाखवलं: "आक्काबाईंना विचारा. त्या काही पुसत नाहीत."

आक्काबाई सत्तरीच्या. कोपऱ्यात पोत्यावर बसून हार ओवायच्या आणि पंधरा वर्षं चिमाजींकडूनच शेवंती घ्यायच्या. त्यांच्या फोनची काच कोपऱ्यात फुटलेली, साठवणीची जागा भरल्याची सूचना रोज यायची आणि त्या ती रोज बाजूला सारायच्या. "मला लिहिलेलं वाचता येत नाय," त्या म्हणाल्या, "म्हनून चिमाजी बोलूनच धाडायचा. थांब हां."

त्यांनी बोटाने वर सरकवत सरकवत नेलं आणि एक दाबलं.

"आक्का, आज शेवंती जरा बारीक हाय, पन ताजी हाय. सातला येतो. जागा धरून ठेव. आन गोजरानं तुला वांगी धाडलीत."

बाजाराच्या गलक्यात तो आवाज बारीकच होता. गोजराबाई खाली पोत्यावर बसल्या. आक्काबाईंनी दुसरा लावला, मग तिसरा. पावसामुळे उशीर होणार असल्याचा, टेम्पो पंक्चर झाल्याचा, पाडव्याला किती हार लागतील असं विचारणारा. एकात चिमाजी मध्येच थांबून कुणावर तरी ओरडले होते, "आगं, पानी बंद कर, वाफा फुटला!" आणि मागून गोजराबाईंचंच उत्तर ऐकू आलं होतं, "दिसतंय मला!"

त्या हसल्या. हसता हसता त्यांनी लताबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

एकूण दोनशे अकरा मेसेज निघाले. गोजराबाईंना देण्यासाठी ते आधी शेखरच्या फोनवर कसे पाठवायचे हे आक्काबाईंना येत नव्हतं. शेखर पार्किंगमध्ये अडकला होता, काकांचा चष्मा गाडीत राहिला होता. लताबाईंनी पदर खोचला आणि आक्काबाईंचा फोन हातात घेतला. एकेक दाबून, निवडून, पाठवत राहिल्या. मध्ये पडद्यावर एक जाहिरात आली आणि काहीतरी विचारू लागली. लताबाईंनी ती पुरी वाचली, 'नाही' दाबलं, आणि पुढच्या मेसेजकडे वळल्या. काका बाजूला उभं राहून झेंडूच्या क्रेटकडे बघत राहिले. त्या क्षणी काही बोललो तर बिघडेल, एवढं त्यांना कळलं.

जूनच्या पहिल्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये काकांनी मंडळापुढे आपली तपासणी मांडली. बायका पुष्कळ जमल्या होत्या. ते म्हणाले, "आयफोनला दार एकच आहे आणि पहारा कडक. दुरुस्ती वेळेवर येते. पडद्यावरचं वाचायचा कंटाळा असेल आणि परवडत असेल, तर तो घ्या. अँड्रॉइडमध्ये मोकळीक जास्त, म्हणून जबाबदारीही आपली. तो घेताना कॅमेरा नंतर विचारा. दुरुस्त्या किती वर्षं, ते आधी विचारा. ज्याच्या दुरुस्त्या थांबल्या तो फोन बँकेच्या कामाला वापरू नका. आणि ओटीपीचे आकडे मागणारा फोन आला, तर दोन्हींत तुम्हाला वाचवणारं काही नाही. चोराने गोड बोलून विचारलं की आयफोनवालाही आकडे सांगतोच."

मग त्यांनी गोजराबाईंची गोष्ट सांगितली. "एवढं चांगलं कुलूप आहे, हे मला माझ्या वहीत गुण म्हणून लिहायचं होतं," ते म्हणाले. "लिहिलंही. पण आपल्या माणसासाठी दुसरी किल्ली ठेवायला विसरू नका. ती सोय दोन्हींत आहे, आपण लावत नाही."

सचिवपदाचा विषय कुणी काढलाच नाही. लताबाईंनी उठून पुढच्या बैठकीची तारीख सांगितली आणि सगळ्यांनी ती लिहून घेतली.

फोन मात्र त्यांनी अँड्रॉइडच घेतला, सात वर्षांच्या शब्दाचा. चैताली आपला जुना आयफोन द्यायला निघाली होती. "नको," लताबाई म्हणाल्या. "मला विचारणाराच बरा. आता मी वाचते."

नवा फोन आला त्या संध्याकाळी चैतालीचा व्हिडिओ कॉल आला. पप्पांचं भाषण तिला कुणीतरी पाठवलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, मीपण एक केलंय आज. माझ्या फोनमध्ये नाव द्यायचं असतं, आपल्या मागे आपलं खातं कुणी उघडावं ते. मी तुझं दिलंय."

"असलं अभद्र तोंडातून काढू नकोस!" लताबाई कडाडल्या. "तुला काय झालंय? आणि मी काय करू तुझं खातं उघडून?"

"काही नाही गं. फोटो असतात, नोंदी असतात. तुझे मेसेजपण आहेत त्यात."

"माझे कसले?"

"'जेवलीस का', 'पोचलीस का', शेवग्याच्या आमटीत किती पाणी घालायचं. चार वर्षांचे आहेत. एकही पुसलेला नाही."

लताबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला.

"पप्पा, एक किल्ली असते, ती कागदावर छापून ठेवायची असते. पुढच्या शनिवारी येताना घेऊन येते," चैताली म्हणाली.

"आण. दोन प्रती आण," काका म्हणाले.

तिने शनिवारी आणल्या. एक प्रत काकांनी वहीत ठेवली. दुसरी लताबाईंनी न वाचताच घेतली, आणि चैतालीची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं ज्या फायलीत होती, तिच्यात सगळ्यात खाली सरकवून दिली.